ओळखचिठ्ठी

आमच्या ऑफिसात नवीन केस घेण्याआधी एक चिठ्ठी फिरते. तिच्यावर दोन्ही पक्षांची नावं असतात, गाव असतं आणि भांडण कशाचं ते एका ओळीत असतं. खाली ऑफिसातल्या प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे दोन चौकटी: ओळख आहे, ओळख नाही. ज्यानं त्यानं आपली खूण करायची, ओळख असेल तर कशी आहे ते लिहायचं आणि सही करायची. सगळ्यांच्या खुणा झाल्यावरच वकील पक्षकाराला हो म्हणतात. तोवर त्याला नुसता चहा.

ही पद्धत बापूजी वकिलांनी पाडली आणि तिला कारण झाले मारोतराव. मारोतराव आमचे जुने क्लार्क, कुहीकडचे. एकदा बापूजींनी एक केस घेतली, तारखा सुरू झाल्या, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात समोरच्या पक्षाचा माणूस सगळ्यांदेखत येऊन मारोतरावांच्या पाया पडला. तो त्यांच्या साडभावाचा मुलगा निघाला. बापूजींना केस सोडावी लागली. ऑफिसात आल्यावर ते म्हणाले, "काहून सांगितलं नाही गा?" मारोतराव म्हणाले, "तुम्ही विचारलं कुठी, साहेब?"

तेव्हापासून विचारायला लागले. चिठ्ठीला ऑफिसात ओळखचिठ्ठी म्हणतात. मारोतराव तिच्यावर खुणेपुरतं थांबत नाहीत. "याच्या काकाच्या तेरवीत जेवलो," असं लिहितात. एकदा "माणूस बरोबर नाही," असंही लिहिलं होतं. बापूजींची मुलगी मिनल मॅडम आता ऑफिस पाहतात. त्यांनी ती चिठ्ठी हातात धरून विचारलं, "मारोतराव, यात स्वभाव कुठं विचारला आहे?"

बापूजी गेल्यावर काही वर्षांनी मॅडमनी आमचं ऑफिस एका मोठ्या फर्ममध्ये सामील केलं. वर्धा रोडवर काचेचं नवीन ऑफिस झालं, पाटीवर नवीन इंग्रजी नाव आलं. सदर भागातलं जुनं ऑफिस रेकॉर्डसाठी ठेवलं आणि त्या रेकॉर्डमध्ये मी राहिले. नवीन ऑफिसातले अश्विन वकील एकदा आमची सगळी जुनी नावं कॉम्प्युटरमध्ये घालायला आले होते. बरेच दिवस बसले. काम झाल्यावर म्हणाले, "ताई, आता नाव टाकलं की एका सेकंदात कळेल, हा माणूस आपल्याकडे कधी आला होता का."

मारोतराव तिथंच सुपारी कातरत बसले होते. "यात सोयरीक टाकली का गा?"

"म्हणजे?"

"म्हणजे सासरे, साळे, व्याही. आपल्याकडं अर्धी भांडणं त्यायचीच आहेत."

अश्विन हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कॉम्प्युटर ठेवला आणि चिठ्ठीही ठेवली. आधी कॉम्प्युटरमध्ये पाहायचं, मग चिठ्ठी फिरवायची. चिठ्ठी सगळ्यात आधी माझ्याकडे येते, कारण जुन्या फायली माझ्याकडे आहेत.

फायली कापडात बांधणं, मागितल्या की काढून देणं, परत आल्या की जागेवर लावणं, हे माझं काम. मी पूर्वी या ऑफिसात झाडायला होते. अक्षरं उशिरा शिकले. माझी मुलगी सरिता तिसरीत होती, तेव्हा आमच्या इंदोरा वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत बायकांचा वर्ग निघाला. वर्गात कमी आणि घरी जास्त शिकले. सरिता समोर पट्टी घेऊन बसायची आणि चुकलं की खरोखर मारायची. अजूनही मी अक्षराखाली बोट ठेवून वाचते. बापूजींनी मला रेकॉर्डला बसवलं तेव्हा एवढंच म्हणाले होते, "यमुताई, वाचता येणारे पुष्कळ आहेत. वाचून गप्प राहता येते का, ते पाहा."

मला ते अवघड वाटलं नाही. कुणाच्या घरात काय चाललं आहे ते फायलींतून समजायचं आणि संध्याकाळी दाराला कुलूप लावलं की ते आतच राहायचं. शेजारणी विचारायच्या, मी म्हणायची, ऑफिसचं ऑफिसात. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

या हिवाळ्यात माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. घरात मी एकटी, म्हणून सरिता आली. तिला कळमेश्वरला दिली आहे. जावई, अमोल सोमकुंवर, तिथल्याच एमआयडीसीत कामाला आहे. तोच तिला मोटरसायकलवर घेऊन आला. पिशवी त्यानंच आत आणून ठेवली, त्यांच्या झाडांच्या संत्र्यांचं पोतंही ठेवलं. जाताना मला म्हणाला, "मामी, डोळा चांगला होऊ द्या. हिले घाई नाही." मी मनात म्हटलं, जावई चांगला मिळाला.

डोळा उघडला. पंधरवड्याच्या वर सुटी झाली म्हणून मी कामावर गेले. सरिता म्हणाली, धुळीत बसू नको. मी म्हटलं, रेकॉर्डमध्ये धूळ नाही तर काय अत्तर राहणार. काळा चष्मा लावून बसले. दुपारी वर्धा रोडचा माणूस टपाल घेऊन आला आणि त्यात चिठ्ठी होती.

मी चष्मा काढला. नवीन डोळ्यानं अक्षरं इतकी काळी दिसत होती की बोट ठेवायची गरज नव्हती. तरी सवयीनं ठेवलं. पक्षकार, अमोल नत्थूजी सोमकुंवर, कळमेश्वर. समोरचा पक्ष, सौ. सरिता अमोल सोमकुंवर. त्याखालची ओळ अश्विन वकिलांच्या अक्षरात होती. पत्नी काही न सांगता घर सोडून माहेरी गेली, परत येत नाही, नोटीस पाठवणे व पुढे घटस्फोट.

सरिता हे नाव मला वाचावं लागत नाही. पट्टीखाली मी पहिल्यांदा लिहिलं ते हेच.

 मारोतरावांनी पलीकडून विचारलं, "कोणाची आहे वं?" मी म्हटलं, "कळमेश्वरची." ते म्हणाले, "मंग माझी ओळख नसन. कळमेश्वरात मी कोणाकडं जेवलो नाही."

अमोलला माझं ऑफिस माहीत होतं, पण ते सदरचं, बापूजींच्या नावाचं. वर्धा रोडची काच आणि इंग्रजी पाटी पाहून त्याला समजायला मार्ग नव्हता की ही त्याच्या सासूचीच जागा आहे. अश्विन वकिलांनी कॉम्प्युटरमध्ये सोमकुंवर टाकलं असणार, काही निघालं नसणार. कसं निघणार? आमच्याकडे मुलगी दिली की तिचं आडनाव जातं, मधलं नाव जातं. सरिता शेंडे म्हणून शोधायचं कुणाला सुचेल? आणि शोधलं असतं तरी ती कधी आमची पक्षकार नव्हती.

मी पहिल्या चौकटीत खूण केली. पुढे लिहिलं, सरिता माझी मुलगी. खाली सही केली. चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, वर मिनल मॅडमचं नाव घातलं आणि मारोतरावांना न दाखवता परत पाठवलं. नियम तसाच आहे. ज्याची ओळख निघेल त्यानं चिठ्ठी तिथंच थांबवायची.

मॅडम संध्याकाळच्या आत स्वतः आल्या. मारोतरावांना म्हणाल्या, आज लवकर जा. रेकॉर्डच्या खोलीत एकच स्टूल आहे, त्यावर त्या बसल्या. मी फायलींच्या गठ्ठ्यावर.

"ताई, ही चिठ्ठी तुमच्यापर्यंत यायलाच नको होती."

"तुमच्याच नियमानं आली, मॅडम."

"हो. चुकलं ते माझंच. भांडणाची ओळ लिहायची काही गरज नव्हती. नुसत्या नावावर काम झालं असतं." त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. "आपण ही केस घेत नाही. मी आजच त्याला कळवते. कारण सांगणार नाही, एवढंच सांगेन की जमत नाही."

"मंग तो दुसऱ्या वकिलाकडं जाईन."

"जाईल."

"अन् नोटीस तर येईनच."

 मी इतकी वर्षं नवराबायकोच्या फायली उचलल्या आहेत. बायको आपल्या मनानं घर सोडून गेली, हे एकदा कागदावर आलं की पुढे खावटीच्या, पोटगीच्या वेळी तेच समोर ठेवतात. जितके दिवस ती माहेरी, तितकं त्यांचं बळ वाढतं. आणि इथं ती माझ्यासाठी माहेरी होती. माझ्या डोळ्यात औषध टाकत होती.

"मॅडम, त्यानंच तिले आणून सोडलं. पिशवी त्यानं उचलली. मी पाहिलं ना."

"तुम्ही पाहिलं ते तुमचं आहे. उद्या कोर्टात विचारलं तर सांगा. पण चिठ्ठीत वाचलं ते..."

"माहीत आहे मले." मी म्हटलं. मग विचारलं, "मी नोकरी सोडली तर?"

"तर काय?"

"मंग मी ऑफिसची नाही राहिली. घरची झाली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बापूजी गेले म्हणून लोकांनी त्यांना सांगितलेलं मोकळं झालं का, ताई?"

मी तरी आणखी एक वाट काढून पाहिली. "काहीच सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, जाय वं आता आपल्या घरी, तर?"

"कशावरून म्हणाल?"

"चिठ्ठीवरूनच."

"मग?"

मग काही नाही. मी खोलीला कुलूप लावलं. मॅडमनी गाडीतून घरापर्यंत सोडते म्हटलं, मी नको म्हटलं. रोज बसनं येणारी बाई गाडीतून उतरली तर सरिता पहिल्यांदा तेच विचारेल.

सरितानं भाकरी टाकल्या होत्या. जेवण झालं, तिनं मला पलंगावर निजवलं, उशाशी बसली आणि पापणी वर करून औषधाचा थेंब सोडला. थेंब गार असतो. ती तोंडावर वाकलेली असते, तिच्या श्वासाला संत्र्याचा वास असतो, कारण पोतं संपवायचं काम तिनंच घेतलं होतं.

"डोळा मीट. हलू नको वं. लहान पोरं बरी."

"हलून कुठी राहिली मी."

"आई, त्यायचा फोन आला होता दुपारी. मी म्हटलं, डोळा सुधारला, आता येतो मी. तर म्हणतात, दुसरा डोळाही होऊन जाऊ दे, मंग ये, काहून घाई करतं." ती हसली. "तुझ्या जवायाले तुझीच जास्त काळजी आहे."

माझा डोळा मिटलेला होता ते बरं झालं. दुसरा उघडा होता, पण त्यावर अजून मोतीबिंदू आहे, त्यात कुणाला काय दिसणार.

"मंग काय ठरवलं?"

"राहतो ना. डॉक्टर म्हणाले महिन्याभरानं दुसरा करू. पुन्हा पुन्हा काय जाणंयेणं." तिनं कापसानं माझा गाल पुसला. "काहून वं, कंटाळली का मले?"

एक शब्द पुरला असता. जाय, एवढाच. तिला राग आला असता, आई मला कंटाळली म्हणून रडली असती, पण सकाळच्या बसनं कळमेश्वरला पोचली असती, आपल्या दारात उभी राहिली असती. मग कोण म्हणणार होतं घर सोडून गेली म्हणून. तो शब्द माझ्या तोंडात होता. मी म्हटलं, "तुझ्या मनानं कर."

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस मी तिच्या हातचं जेवले, तिच्याकडून औषध घालून घेतलं आणि गप्प राहिले. बापूजी म्हणायचे तसं वाचून गप्प राहणं मला सोपं वाटत होतं, कारण आजवर वाचलं ते दुसऱ्यांच्या घरचं होतं.

तिसऱ्या दिवशी फायली लावताना एक गोष्ट मनात आली. मी ऑफिसमधून मॅडमना फोन लावला.

"मॅडम, एखादी गोष्ट ज्याची आहे, त्याच्याजवळ बोललं तर ती फुटते का?"

त्यांना लगेच समजलं. "अमोलशी?"

"त्याचीच आहे ना ती. मी दुसऱ्या कोणाले नाही सांगत. त्याचंच त्याले नेऊन देतो."

त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. दुपारी फोन आला. "ताई, तुम्ही ते वाचलं आहे, हे त्याला कळायला हवं. तो त्याचा हक्क आहे. मी सांगणारच होते. तुम्ही सांगितलं तर चालेल. पण तेवढंच सांगा. आपल्या ऑफिसतर्फे काही मागू नका आणि धमकी देऊ नका."

"धमकी मले येते का?"

"येते. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून पाहते आहे."

मी सरिताला म्हटलं, ऑफिसच्या कामानं जाते, उशीर होईल. हे खोटं नव्हतं आणि खरंही किती होतं ते सांगता येत नाही. कळमेश्वरला उतरून एमआयडीसीकडे ऑटो केला. अमोलच्या कंपनीच्या फाटकासमोर एक चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसले. पाळी सुटली, माणसं बाहेर आली. त्यानं मला पाहिलं आणि डबा हातातून पडेल असा धरला.

"मामी? सरिताले काही झालं का?"

ते त्यानं पहिल्यांदा विचारलं. मला ते नंतर पुष्कळदा आठवलं.

"चांगली आहे ती. बसा, जवाईबापू. चहा घ्या."

तो बसला. त्यानंच दोन चहा सांगितले. मी चष्मा काढून पदरात धरला.

"वर्धा रोडच्या वकिलाकडं गेले होते ना तुम्ही."

त्याचा चेहरा उतरला. "त्यायनं नाही म्हटलं. कारण नाही सांगितलं." मग त्याच्या ध्यानात आलं. "त्यायनं तुम्हाले सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं. ते आमचंच ऑफिस आहे, सदरचं अन् ते एकच झालं. केस घ्यायच्या आधी नावं फिरवतात आमच्यात, कोणाची ओळख आहे का म्हणून. सगळ्यात आधी माझ्याजवळ येतात. तुमचं आलं."

"म्हणजे सरिताले..."

"तिले काही माहीत नाही."

त्याचा विश्वास बसला नाही. "तुम्ही नाही सांगितलं? पोरीले?"

"ते माझं नाही सांगायचं. तुमचं आहे. म्हणून तुम्हाले आणून देऊन राहिली." चहा आला, आम्ही दोघांनी हातात धरला आणि कुणीच प्यायला नाही. मॅडमनी तेवढंच सांगा म्हटलं होतं. मी आणखी थोडं सांगितलं. "पिशवी तुम्ही उचलली होती, बापू. संत्र्याचं पोतं बी."

"ज्या दोस्तानं आपल्या बायकोले नोटीस धाडली, तो म्हणे तसंच लिहा लागते. त्याशिवाय दम राहत नाही म्हणे."

"अन् दोस्ताच्या बायकोले कोणी सोडून आलं होतं का?"

तो कपाकडे पाहत राहिला. टपरीवाल्यानं रेडिओ लावला होता, त्यावर काहीतरी हिंदी चाललं होतं. मग तो बोलायला लागला तो माझ्याकडे न पाहता. सरिता त्याच्या घरी बोलत नाही. भांडत नाही, रडत नाही, सगळं काम करते, पण बोलत नाही. मूल होत नाही म्हणून त्याची आई काहीबाही बोलली, त्याला आता दोन पावसाळे होतील, तेव्हापासून. फोनवर माझ्याशी हसते, तो दारात आला की फोन ठेवते. तो काही विचारायला गेला की ती म्हणते, काही नाही.

"तुमच्या आईले तुम्ही काही म्हटलं होतं का, तवा?"

"नाही म्हटलं."

"मंग ती काय बोलणार तुमच्याशी."

"मले बोलता नाही येत, मामी." तो म्हणाला. "वकिलानं लिहिलं की आपल्याले तोंडानं सांगा नाही लागत. मले वाटलं, नोटीस गेली की ती काही तरी म्हणेन. शिव्या देईन. पण म्हणेन."

मला त्याचा राग होता. तो गेला नाही. पण त्या बाकावर बसून मला एवढं दिसलं की त्याच्या आणि माझ्या घरात सगळेच गप्प राहण्यात तरबेज झालो होतो. सरिता ते कुणाकडून शिकली होती, तेही मला दिसलं. शेजारच्या बायका विचारायच्या तेव्हा ती माझ्या बाजूला अभ्यास करत बसलेली असायची.

"मी तिले काही सांगणार नाही," मी उठले. "तुम्ही नोटीस पाठवली तर पोस्टमन देईन, ती वाचीन. तुम्ही आले तर तुमच्या तोंडून ऐकीन. तिकडं तुमच्या मनानं करा. पण माझ्या डोळ्याच्या नावानं तिले ठेवून घेऊ नका. तिले फोनवर राहा म्हणता, अन् कागदावर गेली म्हणता. दोन्हीतलं एक करा."

ही धमकी होती की नाही ते मॅडमना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

घरी आले. सरितानं विचारलं, कुठं गेली होती. मी म्हटलं, ऑफिसचं ऑफिसात. तिनं खांदे उडवले आणि औषधाची बाटली आणली.

रविवारी सकाळी मोटरसायकलचा आवाज आला. सरिता खिडकीशी गेली, मागे वळून म्हणाली, "आई, हे कसे काय आले?" आणि केसांवरून हात फिरवला. मी अमोलला पाणी दिलं. त्यानं मला जयभीम केला, ग्लास हातात धरला आणि खाली पाहत बसला. मी चपला घातल्या.

"तू कुठी चालली?" सरिता म्हणाली.

"विहारात."

विहाराच्या पायऱ्यांवर ऊन होतं. शेजारची श्वेता तिथं तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, यमुकाकू, जवाई आले अन् तुम्ही इथी? मी म्हटलं, त्यांना बोलू दे. ती म्हणाली, तुम्ही सासू आहात का कोण. मी तिच्या सुपातले खडे काढत बसले. डाव्या डोळ्यानं खडे चांगले दिसत होते. एकदा घरातून सरिताचा आवाज आला, मोठा. श्वेतानं मान वर केली. मी केली नाही. तिचा तसा आवाज मी फार वर्षांनी ऐकला.

सूप रिकामं झालं तेव्हा मोटरसायकल गेली. मी घरी आले. सरिता पलंगाच्या कडेवर बसली होती. पाण्याचा ग्लास होता तसा भरलेला जमिनीवर होता. तिचे डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती.

"नोटीस नाही पाठवत म्हणे," ती म्हणाली. "आधी बोलू म्हणे. आत्याबाईसमोर बोलू म्हणे, तिघंबी बसून."

"तू काय म्हटलं?"

"मी उद्या जाऊन राहिली. आपल्या पायानं जातो. कोणी सोडून द्यायले नको अन् घ्यायले नको. राहायचं का नाही ते मी तिथी जाऊन ठरवीन." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्यायनं सांगितलं, तू फाटकावर गेली होती."

मी चपला काढल्या.

"तुले माहीत होतं."

"हो."

"मी तुझ्या डोळ्यात औषध टाकून राहिली होती, तवा बी माहीत होतं?"

"हो."

"मी म्हटलं राहतो म्हणून, दुसऱ्या डोळ्यासाठी. तवा?"

"तवा बी."

"काहून नाही सांगितलं वं?"

"ते माझं नव्हतं, बाई. ऑफिसात वाचलेलं होतं."

तिला यात नवीन काही नव्हतं. हे वाक्य ऐकत ती मोठी झाली होती. 

"मी तर तुझी होती ना?"

 मॅडमना हे विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं, बापूजी असते तर त्यांनीही. त्यांचं दोघांचं बरोबरच असतं. पण पलंगावर बसलेल्या पोरीला ते पुरलं नसतं आणि मलाही पुरत नव्हतं. चिठ्ठी पुन्हा आली तर मी तेच करीन, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, म्हणूनच ती इतकी रागावली होती.

"दुसऱ्या डोळ्याच्या वेळी श्वेताले सांग," ती म्हणाली आणि उठली. फळीवरची औषधाची बाटली घेतली. "नीज."

"राहू दे आज."

"नीज म्हटलं ना."

मी निजले. तिनं पापणी वर केली, थेंब सोडला, कापसानं गाल पुसला, नेहमीपेक्षा जरा जोरानं.

"मिटून ठेव. मी म्हणेपर्यंत उघडू नको."

मी मिटून ठेवला. उजवाही मिटला. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पिशवीची चेन, मग संत्र्यांचं रिकामं पोतं झटकून घडी केल्याचा. ती उघड म्हणेल म्हणून मी वाट पाहत राहिले.